मीम बनवताना या चुका टाळा: चित्र बोलत असेल तर मध्ये तोंड घालू नका

सोलापूरच्या नवी पेठेत माझं फ्लेक्स आणि डिझाइनचं दुकान आहे. हल्ली फ्लेक्सपेक्षा इन्स्टावरच्या मीमची कामं जास्त येतात. शिकायला पोरं येतात आणि प्रत्येक पोरगं त्याच चुका नव्यानं शोधून काढतं.

माझी सगळ्यात नावडती चूक आधी सांगतो. साचा, म्हणजे मीमसाठी फिरणारं तयार चित्र, उचलायचा, पण त्यातल्या माणसांचं एकमेकांशी नातं काय ते बघायचंच नाही. शाळेत उपमेय-उपमान पाठ केलं होतं ना? मीममध्ये उपमान चित्रात असतं आणि उपमेय तुम्ही चिकटवलेल्या अक्षरांत. पण चित्र एकटं येत नाही. त्यातले रुसवेफुगवे, कोण बरोबर कोण चूक, सगळं वऱ्हाड सोबत येतं.

प्रेयसी शेजारी असताना मागे वळून लाल कपड्यांतल्या मुलीकडे बघणारा तरुण तुम्ही पाहिलाच असेल. अँटोनिओ गिलेम या स्पॅनिश फोटोग्राफरनं 2015 मध्ये काढलेला तो फोटो 2017 मध्ये मीम म्हणून जगभर फिरला. आमच्याकडे एका चादरवाल्याचं काम आलं होतं. मी जेवायला गेलेलो. पोरानं दहा मिनिटांत तरुणावर 'ग्राहक', शेजारच्या प्रेयसीवर 'पानिपतचं ब्लँकेट' आणि लाल कपड्यांवर 'सोलापुरी चादर' लिहून थेट पाठवूनही दिलं. तासाभरात मालक दुकानात हजर.

"का बे, तीन पिढ्या माग चालवला आम्ही. आमची चादर काय रस्त्यावरून जाणारी वाटली का तुला?"

"पण काका, तो बघतोय तिच्याकडंच की!"

पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण त्या फोटोत लाल कपडे म्हणजे घटकाभराचा मोह, आणि हक्काची ती शेजारची. मी दोन नावांची फक्त अदलाबदल केली. आता सोलापुरी चादर डोळे वटारून ग्राहकाकडे बघत होती आणि ग्राहक स्वस्त मालाकडे. मालक आधी हसले, मग गप्प झाले. बाजारात रोज तेच बघत होते ते.

तेव्हापासून माझी सवय अशी: नावं टाकायच्या आधी चित्रात कोण कोणाशी कसं वागतंय ते मोठ्यानं बोलून बघतो. दुकानात लोक हसतात. हसू देत.

दुसरी चूक म्हणजे समजावून सांगण्याची खाज. नळाखाली कोरडी घागर, वर ओळ: 'उजनी धरण शंभर टक्के भरलं.' झालं काम! चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावाला आणखी काय सांगायचं? पण पोरानं खाली जोडलं, 'तरीही सोलापूरकर तहानलेलेच', वर दोन रडके चेहरे. अहो, अक्षरं एक म्हणतात आणि चित्र उलटं म्हणतं, त्या फटीत तर उपरोध बसलेला असतो. तुम्ही ती फट सिमेंटनं लिंपून टाकता. मी शेवटची ओळ झाकून मीम कुणाला तरी दाखवतो, बहुतेक वेळा शेजारच्या चहावाल्याला. तो हसला की ती ओळ गेली.

बाकीच्या पटापट. एका चौकटीत एकच रूपक. शहर बुडती नाव पण आणि आजारी म्हातारा पण, असं करू नका. म्हणीचं शब्दशः चित्र काढून खाली तीच म्हण लिहू नका. हिंदी मीमचा 'जब' काढून 'जेव्हा' टाकला म्हणजे मराठी होत नाही. आपल्याकडे 'लई' आहे, 'बे' आहे, ते वापरा. गल्लीतल्या कुणाचा फोटो न विचारता साचा म्हणून वापरलात तर माझ्या दुकानात पाऊल टाकू नका.

आणि ते अॅपमधलं मीमच्या अक्षरांचं तयार बटण! जुन्या इंग्रजी मीमची जाड पांढरी अक्षरं इम्पॅक्ट फाँटची, 1965 मधल्या. त्यात देवनागरी नाही, म्हणून मोबाइल भलताच बारीक फाँट गळ्यात मारतो. वर काळी कड चढवली की शिरोरेषेचे सांधे उघडे पडतात. मी बालू नाहीतर मुक्ता हा देवनागरी फाँट जाड करून घेतो आणि कड द्यायच्या ऐवजी मागे काळी पट्टी टाकतो. पोरं म्हणतात जुनाट दिसतं. एसटी स्टँडवर उन्हात मोबाइल धरून वाचून दाखवा, मग बोलू.