व्हिक्टोरियन प्रेमकथा लिहिताय? आधी साल ठरवा

गुपचूप धाडस करणारी नायिका आणि तिच्या प्रेमात पडलेला लॉर्ड, असली गोष्ट लिहायला घेतली की बहुतेक जण गाऊन, बग्गी, बॉलरूम यातच रमतात आणि नायिका धाडसी आहे हे दाखवायला तिला चारचौघांत उलट बोलायला लावतात. माझं म्हणणं, आधी साल ठरवा. राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती, तेवढ्या काळात बाईचं कायद्यातलं स्थान कुठल्या कुठे गेलं, त्यामुळे १८५० च्या नायिकेला जे गमवावं लागेल ते १८९० च्या नायिकेला लागत नाही.

मी १८७२ घेईन. का, तर इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने लग्नानंतरही बाईची स्वतःची कमाई तिच्याकडे राहायला लागली होती, पण मावशीने मृत्युपत्रात ३,००० पौंड ठेवले असतील तर ते लग्नानंतर नवऱ्याचेच, संपत्तीवर खरा हक्क मिळाला तो १८८२ च्या कायद्याने. घटस्फोटाचं तर विचारूच नका, १८५७ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं असं काहीतरी दाखवावं लागायचं. म्हणजे तिने "हो" म्हणणं हेच केवढं मोठं धाडस आहे बघा.

आता तिचं गुपित. नुसती "बंडखोर" नको, हाताने करायचं काहीतरी द्या. मला गिर्यारोहण आवडतं, कारण लुसी वॉकर १८७१ मध्ये आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर चढली, ते चढणारी पहिली बाई, आणि तरी लंडनच्या अल्पाइन क्लबमध्ये, म्हणजे गिर्यारोहकांच्या क्लबमध्ये, बायकांना प्रवेश नव्हता. तुमची नायिका आत्याबरोबर हवापालटाला म्हणून स्वित्झर्लंडला जाते आणि पहाटे गाइडला घेऊन चढायला निघते, घरी कोणाला पत्ता नाही.

गुपित फुटायची जागा नीट निवडा हं. त्या काळी बायका बॉलला म्हणजे नाचाच्या समारंभाला, भेटीगाठींना हातमोजे घालायच्या पण जेवायला बसलं की काढायच्या. मेणबत्तीच्या उजेडात ती सूपचा चमचा उचलते आणि शेजारी बसलेल्या अर्लला, म्हणजे आपल्या लॉर्डला, तिच्या तळहातावर दोराने सोललेली, अजून लालसर असलेली रेघ दिसते. तो काहीच विचारत नाही, फक्त आपला चमचा खाली ठेवतो, आणि ती हात टेबलाखाली घेते. एवढंच लिहा, इथे भाषण नको.

लॉर्डबद्दल थोडक्यात: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन हा उतरता क्रम. ड्यूकला "युअर ग्रेस", बाकीच्यांना "माय लॉर्ड". किताब आणि बहुतेक वेळा जमीनही थोरल्या मुलाला, म्हणून धाकटा मुलगा नायक असेल तर त्याच्या खिशाचा विचार करा.

संवादात आपल्या मराठीला जे जमतं ते इंग्रजीला जमत नाही, ते वापरा! दोघांना शेवटपर्यंत अहो-जाहोच ठेवा. बरोबर कायम कोणीतरी वडीलधारी बाई असणार, त्यामुळे बोलणं नाचाच्या फेऱ्यांत तुटक तुटक होईल, ते तसंच तुटक लिहा, छान वाटतं.

आणि त्याचं प्रेम फुलांनी सिद्ध करू नका. त्या काळी लग्नाआधी वकिलाकडून करार करून बायकोचे पैसे विश्वस्तांच्या ताब्यात, फक्त तिच्यासाठी, ठेवता यायचे. तर तो मागणी घालायला येतो तेव्हा अंगठीआधी तो कागद तिच्यापुढे ठेवतो, मावशीचे ३,००० पौंड त्यात लिहिलेले, स्वित्झर्लंडच्या खर्चासकट. ती सगळा वाचते, मग परत पहिल्या ओळीपासून वाचते, आणि हातमोजा काढून तळहात त्याच्यापुढे धरते. तो म्हणतो, "दुखतंय का तुला?" पूर्ण पुस्तकात "तू" फक्त इथे.