वापसा आल्याशिवाय खोगीर नको: शेतातून जाणाऱ्या घोडवाटेची निगा

मराठवाड्यात घोड्यांसाठी मुद्दाम राखलेली वाट सहसा सापडत नाही. जी असते ती कुणाच्या तरी धुऱ्यावरून (म्हणजे बांधावरून), दोन गटांमधल्या पाणंदीतून, कुणाच्या पडीक माळावरून जाते. चार-पाच जणांनी हौसेने घोडे पाळले, शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी ‘जा, पण रान तुडवू नका’ म्हटलं, की झाली घोडवाट. वाट चार-पाच जणांची, जमीन मात्र दुसऱ्याची. म्हणून एकाने केलेली चूक सगळ्यांना भोवते.

ही वाट बिघडते कशाने? बहुतेकांचं उत्तर असतं, घोडा भरधाव सोडल्याने. त्याने बिघडतेच. पण काळ्या रानात जास्त नुकसान होतं ते चुकीच्या दिवशी अगदी शहाण्यासारखं, चालीने, म्हणजे न पळवता पावलापावलाने गेल्याने. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. साडेतीनशे-चारशे किलोचा घोडा, वर सत्तर-ऐंशी किलोचा स्वार आणि खोगीर. हा सगळा भार तळहाताएवढ्या खुरांवर येतो. ओल्या काळीत खूर वीतभर आत जातो आणि निघताना माती त्याला धरून ठेवते. सैल झालेला नाल तिथेच राहतो, कधी खुराचा तुकडाही सोबत नेतो. मागे उरलेला खड्डा उन्हाने विटेसारखा कडक होतो, कडा वर आलेल्या. पुढच्या खेपेला त्याच कडेवर दुसऱ्या घोड्याचा पाय मुरगळतो, बैल अडखळतो, डोक्यावर भारा घेतलेली बाई ठेचकाळते. पुढच्या पावसात त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि आजूबाजूची माती आणखी मऊ होते. जुलैतल्या एका हौशी रपेटीची खूण दिवाळीपर्यंत दिसते.

म्हणून पेरणीला जो नियम तोच घोड्याला: वापसा आला का, म्हणजे जादा ओल ओसरून माती भुसभुशीत झाली का, ते आधी बघायचं. वाट घराजवळ कोरडी दिसते म्हणून फसू नका. तिच्यावरच्या सगळ्यात खोलगट जागी चालत जा. चार बोटं खोलीवरची मूठभर माती घेऊन तिचा घट्ट लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. फुटून भुगा झाला तर वापसा आहे. लाडू तसाच राहिला किंवा चपटा होऊन चिकटला तर घरी परता. शंका असेल तर एका टाचेवर सगळा भार देऊन गोल फिरा. टाच अर्ध्या इंचाहून खोल गेली, तर घोड्याचा खूर किती जाईल याचा हिशोब करायला नको.

पाऊस उघडल्यावर किती दिवस थांबायचं हे जमिनीवर आहे. बालाघाटाच्या पठारावरच्या हलक्या, मुरमाड रानात एक दिवसाची उघडीप बहुधा पुरते. गोदावरी किंवा मांजरेच्या काठच्या खोल काळीत चार-पाच दिवस लागतात, आभाळ भरलेलं असेल तर आठवडा. वाटेचा एक तुकडा माळाचा आणि दुसरा काळीचा असेल, तर फक्त माळापर्यंत जाऊन परत फिरा. पावसाळ्यात घोड्याला व्यायाम हवाच. तो घरच्या मुरमावर लांब दोरीला धरून वीस-पंचवीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी सारखा फिरवून देता येतो.

एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. त्याच जमिनीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वर पालापाचोळा साचून त्या झाकल्या जातात. या दिवसांत मळलेली वाट सोडून नांगरटीत किंवा पडीक काळीत घोडा घालणं म्हणजे त्याच्या पायाशी जुगार. भेगेत अडकून शीर दुखावली तर महिनोन् महिने घोडा उभा राहतो.

परवानगी कुणाची?

पाणंद आणि शिवरस्ता सगळ्यांचा, हे खरं. पण धुरा दोन्ही बाजूंच्या मालकांचा असतो, तेव्हा दोघांनाही विचारा. मालक शहरात राहत असेल तर नुसत्या त्याच्या फोनवरच्या ‘हो’ वर जाऊ नका. बटईने (वाट्याने) करणारा किंवा सालगडी तिथे रोज असतो, पीक त्याच्या घामाचं असतं. त्याचा होकार नसेल तर ती परवानगी कागदावरच राहते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १४३ दाखवून हक्क सांगणारे काही भेटतात. त्या कलमाखाली तहसीलदार बांधावरून वाट देतात ती शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जायला. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खालचा अर्जही वहिवाटीचा रस्ता अडवला तर करायचा असतो. हौसेच्या रपेटीला यातलं काही लागू करायला जाऊ नका. ही मोकळीक मर्जीची आहे आणि ती कधीही काढून घेता येते, हे साध्या कागदावर आपणहून लिहून द्या. सोबत गट क्रमांक, कोणते महिने वाट बंद, एका वेळी जास्तीत जास्त किती घोडे आणि नुकसान झालं तर भरपाई कशी, एवढं असलं की पुरे. भरपाईचा सोपा हिशोब असा: पिकाची किती तासं (ओळी) तुडवली आणि किती लांबीपर्यंत, हे मालकासमोर मोजायचं, त्यावरून किती माल गेला ते काढायचं आणि बाजार समितीच्या त्या आठवड्याच्या भावाने पैसे द्यायचे. घोड्याने तोंड मारलं तर त्याच दिवशी सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांना खुरांवरून कळलं, तर गोष्ट पिकाची राहत नाही.

हंगाम ओळखून

जूनमध्ये पेरणी झाल्यापासून उगवण नीट दिसेपर्यंत धुऱ्याच्या कडेचं तासही दिसत नाही, तेव्हा त्या दिवसांत धुरा सोडाच. ऑगस्टनंतर कपाशीवर फवारणी सुरू असते. फवारा मारणारा दिसला तर वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाऊ नका आणि त्या बांधावरचं गवत घोड्याला काही दिवस खाऊ देऊ नका. ज्वारी डोक्याच्या वर गेली की वळणापलीकडचं दिसत नाही. तिथे चालीनेच जा आणि मोठ्याने बोलत जा, म्हणजे पलीकडच्या माणसाला आणि बैलालाही चाहूल लागते. हुरड्याच्या दिवसांत पाखरं राखणारे गोफण फिरवतात, फटाके लावतात. बुजणारा घोडा तेव्हा तिकडे नेऊ नका. उसाची तोड सुरू झाली की पाणंदीत भरलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. भरलेल्या गाडीला मागे घेता येत नाही, घोड्याला येतं. तुम्हीच आधी बाजूची जागा हेरा, घोड्याचं तोंड गाडीकडे करून उभं राहा. मागचा भाग गाडीकडे असला तर बुजलेला घोडा दुगाण्या झाडतो.

लातूर-धाराशिवकडे येळवसेला (वेळा अमावास्येला) अख्खं गाव रानात असतं, भज्जी-आंबिलीच्या पंगती बसतात, पोरं धुऱ्यावरून पळत असतात. त्या दिवशी घोडा घरी बांधून ठेवा आणि पायी जा. बोलावणं असतंच, वर्षभराच्या परवानग्याही तिथेच पक्क्या होतात. पोळ्यालाही तेच.

माणूस, गुरं, मेंढ्या यांच्यापासून वीस-तीस मीटरवर असतानाच चालीवर या. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याएवढी जागा ठेवा. लाथाडणाऱ्याच्या शेपटीला लाल फडकं बांधा आणि तो सगळ्यात शेवटी ठेवा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं: उघडं होतं तर उघडं, लावलेलं होतं तर लावलेलं. उघडं फाटक तुम्ही ‘चांगल्या मनाने’ लावलंत आणि पलीकडची जनावरं पाण्यावाचून राहिली, असं होतं.

घात करणाऱ्या जागा

कठडा नसलेली विहीर धुऱ्याच्या अगदी कडेलाही असते. तिच्यापासून पाच मीटर दूर राहा. तेवढी जागाच नसेल तर उतरून, स्वतः विहिरीच्या बाजूला न राहता, घोडा हाताने न्या. शेततळ्यावर घोड्याला पाणी पाजायला कधीच नेऊ नका. प्लास्टिकच्या कागदावरून खूर घसरतो आणि आत गेलेल्या घोड्याला दोर-ट्रॅक्टरशिवाय वर काढता येत नाही.

रानडुकरांसाठी लावलेल्या तारा नीट बघा. झटका मशीनचा धक्का थांबून थांबून येतो, घोडा त्याने मरत नाही. पण एकदा बसला की त्या जागेवरून पुन्हा जायला तयार होत नाही. काही ठिकाणी मात्र लाइनची वीज थेट तारेत सोडलेली असते. ते बेकायदा आहे आणि माणूस-जनावर दोघांचाही जीव घेतं. मशीनचा डबा दिसत नसेल तर तार जिवंत समजा.

ठिबकच्या सोळा मिलिमीटरच्या नळीवर खूर पडला की ती चेपते, ड्रिपर फुटतो आणि मालकाला ते आठ दिवसांनी, झाडं सुकल्यावर कळतं. नळी वाट ओलांडत असेल तर मालकाला विचारून ती दोन इंची जाड पाइपच्या तुकड्यातून ओवून घ्या आणि फूटभर खोल गाडा. रब्बीत स्प्रिंकलरचे पाइप आडवे पडलेले असतात. त्यावरून घोडा उडवू नका, शेवटाला वळसा घाला.

आणि खाणं. कण्हेर शेतातल्या घरापुढे, देवळापुढे हमखास असते; तिची मूठभर पानं घोड्याला मारायला पुरतात, वाळलेलीसुद्धा. एरंडाच्या बिया, कालव्याच्या कडेची बेशरम, गुडघ्याखालची कोवळी ज्वारी, कापणीनंतर आलेला तिचा फुटवा आणि पावसाच्या ओढीने खुरटलेली ज्वारी, हे सगळं विषारी. वाटेत चरू द्यायचंच नाही, हा नियम घोड्याच्या जिवालाही बरा आणि शेतकऱ्याशी संबंधालाही. जालन्याकडे मोसंबीच्या बागेत घोडा बांधू नका, उभ्या उभ्या साल सोलून काढतो.

पाण्यासाठी आपली बादली आपल्यासोबत. गुरांच्या हौदात तोंड घालायला लावू नका, दुसऱ्याच्या घोड्याच्या बादलीतही नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग अशाच सामायिक पाण्यातून पसरतो, माणसालाही होतो आणि तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेतून किंवा आणखी कुठून नवं जनावर आणलंत, तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा आणि पशुवैद्याकडून रक्त तपासून घ्या. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. निकाल येईपर्यंत ते सामायिक वाटेवर आणू नका.

लीद वाटेवर पडली तर पायाने फोडून कडेला सारा. घर, फाटक, पाणवठा इथली उचलून न्या. ‘खतच आहे की’ म्हणून कुणाच्या वाफ्यात टाकू नका. ताज्या लिदीत तणाचं बी असतं, दोन-तीन महिने कुजल्यावर दिलीत तर आनंदाने घेतील.

मे महिन्याचं काम

पावसाआधी सगळ्यांनी मिळून दोन दिवस काढा. वाट पाच-सहा फूट रुंद आणि वर दहा फूट मोकळी हवी, कारण स्वाराचं डोकं आठ-साडेआठ फुटांवर असतं. बाभळीची फांदी अर्धवट तोडून लोंबती ठेवू नका, बुंध्याशी कापा. खाली पडलेली काटकी न् काटकी वेचा. बाभळीचा काटा खुराच्या तळव्यात मोडला की बाहेरून दिसत नाही आणि आत पू धरतो. तोडलेला काटा मालकालाच कुपाटीसाठी (काटेरी कुंपणासाठी) द्या.

धुरा ओलांडायची जागा एकच ठेवा. रोजच्या खुरांनी तिथे घळ पडते आणि पहिल्या पावसात रानातली माती तिच्यातून वाहून जाते. दोन्ही बाजूंना दगड बसवून उतार करा, फूटभर उंचीला चार फूट लांबी. पाणी काढायला म्हणून धुरा कधीच फोडू नका.

दरवर्षी चिखल होणाऱ्या तुकड्यावर नुसता मुरूम टाकणं ही नेहमीची चूक. काळी माती तो एका पावसाळ्यात गिळते. आधी वीतभर काळी उकरून बाहेर काढा, तळाला हातात मावतील एवढे दगड दाटून बसवा, त्यावर सहा इंच मुरूम, मग पाणी मारून रोलर. तीस मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तुकड्याला दबलेला मुरूम सुमारे अडीच ब्रास लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दबून कमी होतो म्हणून तीन ब्रास मागवा, म्हणजे साधारण तीन ट्रॉल्या. मुरूम गौण खनिजात येतो. गावातल्या टेकडीवरून परस्पर उचलू नका, तहसीलची परवानगी असलेल्याकडून पावतीसह घ्या. मधला भाग कडांपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवा, नाहीतर वाटेचाच ओढा होतो.

उतारावर पाणी बाजूला काढणारे तिरके चर कुठे घ्यायचे हे मे महिन्यात अंदाजाने ठरवू नका. पहिला दणदणीत पाऊस झाला की विजा थांबल्याबरोबर घोंगडं-छत्री घेऊन पायी वाटेवर जा. पाणी जिथून वाटेवर शिरतं तिथे एक खुंटी ठोका, जिथे वेग घेतं तिथे दुसरी. वापसा आला की त्या खुंट्यांच्या जरा वरच्या अंगाला फावड्याने चर घ्या, आणि त्यातून निघणारं पाणी कुणाच्या पिकात नाही, नाल्यात किंवा पडीक जागेत जाईल एवढं बघा.