व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून अमेरिकेत जाताना: पहिल्या ईमेलपासून परतीच्या तिकिटापर्यंत

अमेरिकेतल्या विद्यापीठात चार-सहा महिने राहून काम करायचं असेल, तर निदान दहा महिने आधी तयारीला लागा. प्राध्यापकांचा होकार आला की अर्धं काम झालं असं वाटतं, पण खरा वेळ त्यानंतरच्या कागदपत्रांत जातो.

पहिला ईमेल ज्यांच्यासोबत काम करायचं आहे त्या प्राध्यापकांना थेट लिहा. दीड-दोनशे शब्द पुरेत. काम नेमकं कोणतं, ते त्यांच्याकडेच का करायचं (त्यांचा कोणता शोधनिबंध, ग्रंथालयातला कोणता संग्रह, प्रयोगशाळेतलं कोणतं उपकरण), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि खर्च कोण करणार. हा शेवटचा मुद्दा हमखास गाळला जातो. मग आपल्याकडून पगाराची अपेक्षा आहे की काय, हे समोरच्याला कळत नाही आणि ईमेल बाजूला पडतो. सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी आराखडा जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं, तर एकदा आठवण करा आणि पुढच्या नावाकडे वळा.

होकार आला की दोन गोष्टी विचारून घ्या: विद्यापीठ पाहुण्या संशोधकाकडून शुल्क घेतं का, आणि बसायला जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांपैकी काय मिळेल. ही माहिती, तारखा आणि यजमान प्राध्यापकांचं नाव आमंत्रणपत्रात लिहून घ्या. इथल्या कॉलेजकडून रजा आणि ना-हरकत प्रमाणपत्र मिळवायला तेच पत्र लागतं. रजेचा अर्ज त्याच आठवड्यात द्या. फाइल विभागप्रमुख, प्राचार्य आणि व्यवस्थापन अशी फिरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाहुण्या संशोधकांना बहुधा जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीचा) व्हिसा मिळतो आणि त्यासाठी विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय डीएस-२०१९ हा फॉर्म देतं. त्यावरचा प्रवर्ग कोणता, याकडे फार कमी लोक वेळेत लक्ष देतात. ‘रिसर्च स्कॉलर’ म्हणून कमाल ५ वर्षं राहता येतं. पण तो कार्यक्रम (म्हणजे फॉर्मवर नोंदलेला कामाचा मुक्काम) संपला की पुढचे २४ महिने पुन्हा रिसर्च स्कॉलर किंवा प्रोफेसर प्रवर्गात जाता येत नाही, मग तुम्ही दोनच महिने राहिलेले असलात तरी. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला ही २४ महिन्यांची अट नाही, मात्र कमाल मुदत ६ महिने आणि मुदतवाढ मिळत नाही. वर्षभरात पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) परत जायचा विचार असेल, तर तीन महिन्यांच्या भेटीसाठी रिसर्च स्कॉलर घेऊ नका. काम सात-आठ महिन्यांवर जाण्याची शक्यता असेल तर शॉर्ट-टर्म अडचणीचा ठरेल. फॉर्म निघण्याआधीच कार्यालयाला स्पष्ट कळवा.

दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट वेगळी आहे. तिची गल्लत करू नका. ती लागू झाली तर दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड सहसा मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव कौशल्य यादीतून (कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे, याची अमेरिकी सरकारची यादी) निघालं, त्यामुळे त्या कारणाने ही अट आता लागत नाही. फुलब्राइट-नेहरूसारखा सरकारी पैसा असेल तर मात्र लागते.

फॉर्मसाठी पासपोर्ट, खर्चाचा पुरावा आणि इंग्रजीचा पुरावा मागतात. इंग्रजीसाठी दर वेळी परीक्षाच द्यावी लागते असं नाही. यजमानांनी घेतलेली आणि नोंदवलेली मुलाखतही चालते. नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच द्या. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं आणि लग्नानंतर पासपोर्ट बदललेल्यांच्या पदव्या माहेरच्या नावावर असतात. अशा वेळी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा.

डीएस-२०१९ हातात आला की रकाना ३ मधल्या तारखा, ४ मधला प्रवर्ग आणि ५ मधली रक्कम तपासा. चूक असेल तर शुल्क भरण्याआधी दुरुस्त करून घ्या. मग सेव्हिस (अमेरिकी सरकारची विद्यार्थी आणि पाहुण्यांची नोंदणी प्रणाली) शुल्क २२० डॉलर, डीएस-१६० हा ऑनलाइन व्हिसा अर्ज आणि व्हिसा शुल्क १८५ डॉलर. मुंबईत बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे आणि फोटो) आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीची वेळ वेगवेगळी घ्यावी लागते. मुलाखतीत आपलं संशोधन दोन सोप्या वाक्यांत सांगता आलं पाहिजे. संवेदनशील तंत्रज्ञानाच्या विषयांत फाइल ‘प्रशासकीय प्रक्रिये’त (जादा तपासणीत) गेली, तर आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं, म्हणून परत न मिळणारं तिकीट काढू नका.

विमा सक्तीचा आहे: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय स्थलांतरासाठी ५०,०००, पार्थिव परत आणण्यासाठी २५,००० आणि स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. इथल्या स्वस्त प्रवास पॉलिसी बहुधा यातल्या एखाद्या आकड्यावर अडतात, म्हणून पॉलिसीचा मजकूर आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी दाखवा.

कार्यक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी प्रवेश मिळत नाही. डीएस-२०१९ हातातल्या बॅगेत ठेवा. पोहोचल्यावर आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) डाउनलोड करून त्यावर जे-१ नोंदलंय का ते पाहा आणि त्याच आठवड्यात कार्यालयात हजेरी लावा. हजेरीची नोंद वेळेत झाली नाही तर तुमचा कार्यक्रमच रद्द होऊ शकतो. काम संपल्यावर ३० दिवस राहता येतं, पण त्या काळात प्रयोगशाळेत काम करता येत नाही, आणि देशाबाहेर गेलात तर त्याच कागदांवर परत येता येत नाही. कॅनडा पाहायचा असेल तर तो कार्यक्रम चालू असतानाच, डीएस-२०१९ वर प्रवासाची सही घेऊन पाहा.