ग्रामसभेत रस्त्याचा विषय मांडायचाय? आधी एवढं जमवा

सभेला जायच्या आधी पहिलं काम एकच: रस्ता कुणाचा आहे ते शोधून काढा. खड्डा केवढा, कठडा कधी पडला, हे सगळं नंतर. बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून शहरात यायचं म्हटलं तरी तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून यावं लागतं. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा जिल्हा पंचायतीच्या इंजिनिअरिंग खात्याकडं. फाट्यापासून पुढचा जिल्हा मार्ग किंवा राज्य मार्ग पीडब्ल्यूडीचा. निपाणी, संकेश्वर, काकती, हिरेबागेवाडीवरून जाणारा ४८ नंबरचा पुणे-बंगळूर हायवे आणि खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाट उतरणारा ७४८ नंबरचा, हे राष्ट्रीय महामार्ग. त्यांचा कारभार निराळा. शहरात शिरलात की महापालिका, कॅम्पात गेलात की कॅन्टोन्मेंट बोर्ड. नव्या लेआउटमध्ये राहत असाल तर तिथले रस्ते बुडाकडून (म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडं वर्ग झालेत का, हेही विचारून घ्या.

ओळखायची सोपी खूण म्हणजे मैलाचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याच्या तोंडाला फलक असतो. त्यावर ठेकेदाराचं नाव आणि काम पुरं झाल्याची तारीख बघा. तिथून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते. त्या फलकाचा फोटो काढून ठेवा, कारण फलक गंजतो, वाकतो आणि एक दिवस नाहीसा होतो.

हे मी इतकं घोळवून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या वेशीबाहेर ओढ्यावर मोरी आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा डावीकडचा कठडा ढासळला. कुणीतरी काठीला लाल फडकं बांधून तिथं रोवलं, आणि पुढचे आठ महिने तेवढीच काय ती राखण होती. रात्री दुकान बंद करून येणारे शेजारचे काका समोरच्या ट्रॅक्टरच्या उजेडानं डोळे दिपून गाडीसकट खाली गेले. मांडीचं हाड मोडलं. त्याआधी आम्ही तीन कार्यालयांत अर्ज दिले होते, आणि तिन्हीकडं "हा रस्ता आमच्याकडं येत नाही" एवढंच उत्तर मिळालं होतं. काका अजून काठी घेऊन चालतात. त्या तिघांनी हात झटकले हे चूकच, पण आमच्या अर्जात ना रस्त्याचं नाव होतं, ना मोरीची जागा, ना फोटो. "रस्ता धोकादायक आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी" एवढी एक ओळ. असा अर्ज कुणीही कुणाकडंही ढकलू शकतो.

म्हणून दुसरं काम, एक वही घाला. ती पानपट्टीवर, डेअरीत किंवा शाळेत, जिथं माणसांची ये-जा आहे तिथं ठेवा. तारीख, वेळ, पाऊस होता का कोरडं, गाडी कुठली, कुठून कुठं चालली होती, नेमकं काय झालं, एवढंच लिहायचं. पडून, कपडे झाडून, पुढं गेलेल्यांचीही नोंद करा. सरकारी आकडे पोलिसांच्या नोंदीतून येतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, ही त्या नोंदींतली माणसं. गावच्या दवाखान्यात टाके घालून घरी आलेला पोरगा त्यात कुठंच नसतो. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत ५ जीवघेणे किंवा गंभीर जखमांचे अपघात किंवा १० मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट ठरते. आमच्या मोरीवर दहा माणसं मरायची वाट बघायची नसेल तर वहीला पर्याय नाही. सहा महिन्यांत वहीत एकाच वळणाचं नाव अकरा वेळा आलं की ते पान पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावर ठेवा. मग बोलायची पद्धत बदलते, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग मापं. टेप घरात असतोच, सोबत एक सरळ फळी घ्या. खड्ड्यावर फळी आडवी ठेवून तिच्यापासून तळापर्यंत मोजलं की खरी खोली कळते. मोरीवर कठडा नाही ती लांबी, रस्त्याची रुंदी, खाली ओढ्यापर्यंतची खोली, तिन्ही लिहा. फोटो तीन हवेत: एक लांबून, ज्यात देऊळ, शाळा किंवा विजेचा खांब दिसेल; एक जवळून, टेप धरून; आणि एक रात्रीचा. रात्रीचा फोटो कुणी काढत नाही, आणि बरीच माणसं त्याच अंधारात पडतात.

स्पीडब्रेकरची मागणी करणार असाल तर जरा थांबा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानुसार गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरनं गाडी त्यावरून अलगद जावी असा त्याचा हिशोब आहे. आपल्याकडं अपघात झाला की त्याच रात्री पोरं काँक्रीटचा हातभर रुंदीचा बांध घालतात. राग खरा असतो, मी त्या पोरांना दोष देणार नाही. पण त्याच बांधावर मागं बसलेली गरोदर बाई आपटते, आणि रंग नसल्यानं नवखा माणूस तिथंच पडतो. मागणीत माप लिहा, पांढरे पट्टे लिहा आणि अलीकडं फलक लिहा. तिन्ही मिळून एकच मागणी.

भाषेचं सांगायलाच हवं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे; मराठीत अर्ज द्यायचा हक्क सोडू नका. पण सोबत कन्नड प्रतही जोडा असं माझं ठाम मत आहे, कारण तो कागद ज्याच्या हातात पडणार त्याला तो वाचता आला पाहिजे, आणि काकांची मांडी वादात पडून बरी होत नाही. गावातली कॉलेजची पोरं तासाभरात लिहून देतात. निदान खड्ड्याला गुंडी, गटाराला चरंडी, गतिरोधकाला रस्ते उब्बु, गल्लीतल्या दिव्याला बीदी दीप आणि पीडब्ल्यूडीला लोकोपयोगी इलाखे, एवढे शब्द तोंडात असू द्या. ठराव मात्र दोन्ही भाषांत ठरावच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय दारातून बाहेर पडू नका.

आता पंचायतीच्या हातात खरोखर काय आहे, त्याची यादी वेगळी करा. ती माणसं समजतात त्यापेक्षा मोठी आहे आणि तिला पैसा फार लागत नाही. वळणावरची घाणेरी आणि बाभूळ तोडणं. गटार उपसणं, म्हणजे पहिल्या पावसात पाणी रस्त्यावर चढून डांबर उखडणार नाही. बंद दिवे: खांब आणि तार वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची, दिवा पंचायतीचा, तेव्हा बंद खांब मोजून त्यांच्या खुणा लिहून न्या. आणि ऊस. जूनमध्ये मोकळं दिसणारं वळण दसऱ्यापर्यंत आंधळं होतं, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. आम्ही वळणावरच्या दोघा शेतकऱ्यांना भेटून कोपऱ्यातल्या तीन-चार सऱ्यांत ऊस न लावता भुईमूग घ्यायला तयार केलं. त्याला ठराव लागला नाही, घरी जाऊन चहा प्यावा लागला. मात्र लागणीच्या आधी जायला हवं. उभ्या पिकाला कोयता लावा म्हणून सांगायला कुणाचीच जीभ रेटत नाही.

ऊस म्हटला की ट्रॉल्या आल्याच. हंगाम सुरू झाला की अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, गाण्यांच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही, आणि वाटेत पंक्चर झाला तर चाकाला दगड लावून तसाच उभा. रात्री मोटारसायकलवाल्याला त्या ट्रॉलीचं मागचं फळकूट दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हंगामाआधीच्या सभेला कारखान्याच्या शेती खात्याच्या माणसाला बोलवा आणि मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावल्याशिवाय ट्रॉली गावातून जाणार नाही, असं तिथंच ठरवा. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांपासून सुरुवात करा, ते आपलेच भाऊबंद आहेत. सुगीत रस्त्यावर भात, सोयाबीन वाळत घालून दगड मांडायचे आणि उचलताना ते तिथंच सोडायचे, हाही विषय त्याच सभेत घ्या.

नळाच्या पाइपसाठी चर खणणार असतील तर खणायच्या आधी विचारा: बुजवून, ठोकून, वर काँक्रीट घालणं ठेक्यात धरलंय का? नुसती माती ढकललेला चर पहिल्याच पावसात खचतो, आणि तोवर ठेकेदार पुढच्या गावात गेलेला असतो.

वॉर्ड सभा आणि ग्रामसभा सहा महिन्यांत एकदा तरी व्हायलाच हवी, असा कर्नाटकाचा पंचायत कायदा सांगतो. विषय आधी वॉर्ड सभेत घाला, म्हणजे ग्रामसभेत तो नवा वाटणार नाही. रस्ता पंचायतीचा नसेल तरी ठराव करता येतो. ठरावासह पत्र त्या खात्याला आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. पत्रात मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ लिहा: ठरलेल्या मानकांप्रमाणं रस्ता न बांधल्यामुळं, न राखल्यामुळं कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत बसवावा लागतो, तेव्हा मोरीचा आणि दिव्यांचा अर्ज वेगवेगळा करा.

सभेच्या शेवटी फळ्यावर तीन नंबर लिहून ठेवा: तातडीच्या मदतीला ११२, ॲम्ब्युलन्सला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आणि जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांत नाव सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याला संरक्षण देतं, हे मोठ्यानं वाचून दाखवा. गाडी थांबवायला घाबरणारी माणसं त्याच सभेत बसलेली असतात.

आमच्या मोरीच्या रस्त्याचा दगड केशरी निघाला. वही, मापं, फोटो आणि ठराव गेल्यावर चौथ्या महिन्यात कठडा उभा राहिला. अजून त्यावर काळे-पिवळे पट्टे नाहीत आणि रात्री तो दिसत नाही. पुढच्या वॉर्ड सभेसाठी वहीत पहिल्या ओळीला तेच लिहिलंय, आणि शेजारी रात्रीचा फोटो चिकटवलाय.