‘बरां आसा’च्या पुढे काय सांगायचं? तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरनंतरचा फॉलो-अप

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचे उपचार संपले की तपासणीच्या फेऱ्या सुरू होतात. पहिल्या वर्षी साधारण दर एक ते तीन महिन्यांनी, मग अंतर वाढत जातं आणि पाच वर्षांनंतर बहुधा वर्षातून एकदा. सावंतवाडी-कणकवलीकडची माणसं रात्रीची कोकणकन्या पकडून परळला टाटा मेमोरियलमध्ये जातात, कुणी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, कुणी गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात. नंबर लागेपर्यंत दुपार होते. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, “काय काका, कसे आहात?” काका म्हणतात, “बरां आसा.” डॉक्टर तोंडात बॅटरी मारून बघतात, मान चाचपतात, पुढची तारीख देतात. महिनाभर जेवताना ठसका लागतोय, हे मुलाला आठवतं ते बाहेर चहाच्या टपरीवर.

गाठ परत आली नाही ना, हे बघणं डॉक्टरांचं पहिलं काम असतं आणि ते काम बोटांनी नि डोळ्यांनी होतं. ठसका, झोप, हलणारा दात, चारचौघांत जेवायची लाज हे मान चाचपून कळत नाही. ते सांगावंच लागतं, आणि हाताशी मिनिटं मोजकीच असतात. म्हणून काय सांगायचं ते घरून ठरवून निघायचं.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचे सर्जन सायमन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच अडचणीसाठी एक यादी बनवली. तीत पन्नासहून अधिक मुद्दे आहेत. आत जाण्याआधी रुग्ण त्यातल्या आपल्या मुद्द्यांवर खूण करतो, कुणाशी बोलायचंय तेही निवडतो, आणि डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात. अशा याद्यांमध्ये रुग्ण वारंवार निवडतात तो मुद्दा म्हणजे आजार उलटण्याची भीती. आपल्याकडे ही भीती ओपीडीत क्वचितच कुणी बोलून दाखवतं. आपल्याला तशी छापील यादी लागत नाही, वहीचं एक पान पुरतं.

आठवडाभर आधी : घरात बघून ठेवा

वजन करा, दर वेळी त्याच काट्यावर. महिन्याभरात ६० किलोचे ५७ झाले असतील तर ती सांगण्याजोगी गोष्ट आहे. नुसतं “बारीक झालेत” म्हणण्यापेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

तोंड किती उघडतं ते बघा. रुग्णाची स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी धरून, पुढच्या दातांमध्ये बसतात का? गेल्या खेपेला तीन बसत होती आणि आता दोनच, तर जबडा आखडतोय. व्यायाम लवकर सुरू झाला तर बरा फरक पडतो, म्हणून हे मागे ठेवू नका.

जेवणाकडे नीट लक्ष द्या. उकड्या तांदळाची पेज जाते, पण भात अडकतो का? पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घोगरा होतो का? अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जात असेल तर छातीत संसर्ग होऊ शकतो, म्हणून हे डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं. आमच्याकडे माणूस आधी सुकं मटण सोडतो, मग काट्याचे मासे सोडतो, मग सोलकढी झोंबते म्हणून तीही सोडतो, आणि घरातल्यांना वाटतं की ‘आता तेंका जेवणाची हौस नाय’. हौस गेलेली नसते, गिळता येत नसतं. काय काय सुटलं ते लिहा.

हात डोक्यापर्यंत वर जातो का, हेही बघा. मानेच्या ऑपरेशननंतर खांदा जड होऊ शकतो. त्यावर फिजिओथेरपी असते, पण विचारल्याशिवाय चिठ्ठी मिळेलच असं नाही.

आदल्या दिवशी : चिठ्ठी लिहा

खूप मुद्दे असतील तर सगळे लिहून काढा आणि मग त्यातले तीन निवडा. निवड रुग्णाने करायची, मुलाने किंवा सुनेने नाही. लिहिता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा आणि त्यांना बोट दाखवू द्या. चिठ्ठी साधारण अशी असावी :

१. भात गिळताना ठसका लागतो. पंधरा दिवस झाले. पेज चालते.
२. लाईट घेतली त्या बाजूची दाढ हलते. काढायची का?
३. गाठ परत येईल असं वाटतं. रात्री झोप नाही.

काय होतंय, कधीपासून, त्याने काय अडतंय, एवढं आलं की पुरे.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगतो. जबड्यावर रेडिएशन, म्हणजे लोक म्हणतात ती ‘लाईट’, झालं असेल तर त्या भागातला दात गावातल्या दवाखान्यात परस्पर काढून घेऊ नका. तिथल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम न भरता हाड कुजू शकतं. हा धोका वर्षानुवर्षं राहतो. आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा आणि दातांच्या डॉक्टरांनाही रेडिएशन झाल्याचं सांगा.

मानेवर लाईट घेतलेल्यांनी थायरॉईडची रक्ततपासणी कधी झाली होती, तेही चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहावं. ती साधारण ६ ते १२ महिन्यांनी करतात. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ या तक्रारी वयावर ढकलल्या जातात आणि कारण थायरॉईड निघतं.

ओपीडीत : चिठ्ठी आधी, तपासणी नंतर

चिठ्ठी खिशात ठेवून “शेवटी काढू” म्हटलं की ती खिशातच राहते. खुर्चीवर बसता बसता ती टेबलावर ठेवा आणि म्हणा, “डॉक्टर, आज या तीन गोष्टी विचारायच्या आहेत.” आवाज गेलेला असेल किंवा बोलणं कळत नसेल तर चिठ्ठीच बोलते.

सोबत आलेल्यांनी मध्ये पडायची घाई करू नये. जीभ किंवा जबडा कापलेल्या माणसाचं वाक्य पुरं व्हायला वेळ लागतो. मुलगा त्याच्या आधी उत्तर देतो, बाबा गप्प होतात आणि पुढच्या खेपेला प्रयत्नही करत नाहीत. दहा सेकंद थांबा.

आणि रुग्णाला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या. लाळ गळणं, तोंडाचा वास, नवराबायकोतला दुरावा, जीव नकोसा होणं हे लेकासमोर निघत नाही. तंबाखू किंवा मिश्री पुन्हा सुरू झाली असेल तर तेही निघत नाही. डॉक्टर रागावतील, ही भीती खरी आहे. पण ते कळलं नाही तर सोडवायला मदत कोण करणार? १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत नंबरवर फोन करता येतो. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही तो लिहून घ्यावा, ती तंबाखूच आहे.

पैशाचं विचारायला संकोच नको, फक्त ते मेडिकल सोशल वर्करला विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म, दोन्हींची माहिती तिथे मिळते. सवलत सोबत जाणाऱ्या एका माणसालाही असते.

उठण्याआधी जे कळलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा : “म्हणजे व्यायाम रोज करायचा आणि दाढ आत्ता काढायची नाही, बरोबर?” डॉक्टर चूक असेल तिथे दुरुस्त करतात. उत्तर चिठ्ठीच्या मागेच लिहा आणि ती फाईलला लावा. राहिलेला मुद्दा पुढच्या चिठ्ठीत पहिला घ्या.

तारखेची वाट बघायची नाही असं काही

मानेत नवी गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, तोंडातून रक्त, एकाच कानात दुखणं, बदललेला आवाज यांपैकी काही दिसलं तर ‘पुढच्या महिन्यात तारीख आहेच’ म्हणून थांबू नका. गणपती किंवा शिमगा आला म्हणूनही नको. फाईलवरच्या नंबरला फोन करून लवकरची वेळ मागा.

श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, दम लागत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर मुंबईची गाडी पकडू नका. १०८ ला फोन करा, जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा आणि फाईल सोबत घ्या. श्वासासाठी गळ्याला भोक केलेलं असेल तर आत शिरताच पहिल्यांदा तेच सांगा.