स्टेजसाठी डिले पेडल घेताय? या चुका टाळा

डिले पेडल, म्हणजे गिटारचा सूर ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारं पायाने चालवायचं उपकरण, बहुतेक जण बसून निवडतात. दुकानात किंवा मित्राच्या घरी एकट्या गिटारवर वाजवून बघायचं, रिपीट (परत येणारे सूर) कसे मऊ विरत जातात ते ऐकायचं आणि पैसे मोजायचे. घरी रेकॉर्डिंग करणार असाल तर यात काही चूक नाही. स्टेजवर मात्र सोबत ड्रम, बेस, कीबोर्ड आणि गायक असतात, तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात आणि पेडलसाठी मोकळा असतो तो एक पाय. त्यामुळे पेडलमध्ये किती प्रकारचे डिले आहेत यापेक्षा गाणं चालू असताना त्या पायाने काय काय करता येतं, हे मी आधी बघायला सांगेन.

टॅप टेम्पोकडे दुर्लक्ष

टॅप टेम्पो म्हणजे पायाने स्विचवर ठोके देऊन डिलेचा वेग गाण्याशी जुळवणं. त्याकडे दुर्लक्ष ही सगळ्यात महाग पडणारी चूक. गणित सोपं आहे: ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या मात्रांनी) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला मात्रा ५०० मिलिसेकंदांची. बँड रंगात येऊन १२६ वर गेला की मात्रा ४७६ ची होते, पण पेडल ५०० वरच राहतं. पहिला रिपीट २४ मिलिसेकंद मागे पडतो, तो खपून जातो. तिसरा ७० च्या वर मागे असतो आणि स्नेअरच्या पाठीमागे लंगडताना स्पष्ट ऐकू येतो.

क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठरलेल्या ठोक्यावर) वाजवणारे बँड यातून सुटतात. ढोलकी-ढोलक असलेल्या ऑर्केस्ट्रात लय चढतेच, आणि ती चढायलाच हवी. लोक नाचायला लागले की लय अडवून धरण्यात अर्थ नसतो. तिथे गिटारवाल्याला दोन ओळींच्या मधल्या जागेत नवा टॅप देता आला पाहिजे.

पेडलच्या माहितीत 'टॅप टेम्पो आहे' एवढं वाचून थांबू नका, तो कसा द्यायचा ते विचारा. बॉस डीडी-७ सारख्या एका स्विचच्या पेडलवर आधी स्विच दोन सेकंद दाबून धरावा लागतो आणि मग टॅप करता येतो. १२० च्या गाण्यात दोन सेकंद म्हणजे चार मात्रांचा अख्खा बार! जुन्या डीडी-३ ला टॅपच नाही; नंतर आलेल्या डीडी-३टी ला तो आहे, पण बाहेरून वेगळा फूटस्विच जोडून. म्हणजे त्या स्विचचे पैसे, एक जादा केबल आणि बोर्डावरची जागा हे सगळं पेडलच्या किमतीतच धरायचं. टॅपसाठी स्वतंत्र स्विच असलेलं पेडल थोडं मोठं असतं, पण नियमित शो करणाऱ्याने तेच घ्यावं.

टॅप बरोबर देऊनही रिपीट भलत्याच वेगाने आले, तर डिव्हिजनचं, म्हणजे मात्रेचा कोणता भाग घ्यायचा ते ठरवणारं, बटण बघा. टॅप नेहमी मात्रेवरच द्यायचा असतो. त्यातून पाऊण किंवा अर्धी मात्रा काढायचं काम पेडलचं. अनेक जण ऐकू येणाऱ्या रिपीटच्या वेगाने टॅप करतात आणि मग सगळंच बिनसतं.

डिव्हिजनचा एक मुद्दा परदेशी डेमो व्हिडिओंत सहसा येत नाही. सगळ्यांना आवडणारा डॉटेड एट्थ म्हणजे पाऊण मात्रा, १२० ला ३७५ मिलिसेकंद. केरव्याच्या चालीत, रॉक-पॉपमध्ये तो सुंदर बसतो. दादऱ्याच्या चालीत मात्र तो लयीला छेद देतो, कारण तिथे प्रत्येक ठोक्याचे तीन भाग पडतात आणि पाऊण ठोका त्यातल्या कुठल्याच भागावर येत नाही. तीन रिपीट अधांतरी पडतात, चौथा कसाबसा ठोक्यावर येतो. आपल्या भावगीतांत, कोळीगीतांत ही चाल पावलोपावली भेटते. ठोका १०० च्या वेगाने असेल तर तो ६०० मिलिसेकंदांचा. तिथे २०० किंवा ४०० चा डिले लावून बघा, गिटार ढोलकीच्या हातात हात घालून चालते. म्हणून पेडलवर ट्रिपलेटचं (ठोक्याचे तीन भाग करणारं) डिव्हिजन आहे का, हे मराठी गाणी वाजवणाऱ्याने आवर्जून बघावं.

रिपीट अचानक तुटणं

सोलोचा शेवटचा सूर संपला, तुम्ही पेडल बंद केलं आणि शेपूट कात्रीने कापल्यासारखं तुटलं. पेडल बिघडलेलं नसतं. ते ट्रू बायपास असतं आणि बंद केल्यावर रिपीटचा रस्ताच तोडतं. ज्यात ट्रेल्स किंवा स्पिलओव्हर असतं, तिथे पेडल बंद केल्यावरही आधीचे रिपीट आपोआप विरतात. काही पेडलवर दोन्ही पर्याय असतात, पण ते आतल्या स्विचवर किंवा चालू करताना दाबायच्या बटणावर असतात, तेव्हा मॅन्युअल वाचा. प्रीसेटवाल्या (आधी साठवून ठेवलेली सेटिंग असलेल्या) पेडलवर आणखी एक गोष्ट तपासा: एका प्रीसेटवरून दुसऱ्यावर जाताना शेपूट टिकतं का? बंद करताना टिकणारं शेपूट प्रीसेट बदलताना तुटू शकतं.

अॅनालॉगच्या प्रेमात वेळेची मर्यादा विसरणं

अॅनालॉग डिलेचे गडद रिपीट गायकाच्या मागे छान बसतात, त्याच्या शब्दांवर चढत नाहीत. त्यामुळे ओढ वाटणं समजू शकतं. पण १९८१ चा बॉस डीएम-२ जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंद देतो. वरचा ३७५ चा हिशेब त्यात मावतच नाही. एमएक्सआर कार्बन कॉपी ६०० पर्यंत जातो, म्हणजे १०० बीपीएमला पूर्ण मात्रा मिळते, ८० च्या गाण्याला लागणारे ७५० मिळत नाहीत. १९८३ च्या डीडी-२ पासून छोट्या पेडलमध्ये डिजिटल डिले आला आणि मर्यादा ८०० वर गेली. आपल्या यादीतलं सगळ्यात संथ गाणं काढा, भागाकार करा आणि मगच पेडल बघा.

अॅनालॉगमध्ये फीडबॅकची (रिपीट किती वेळा यावेत ते ठरवणारी) नॉब एका मर्यादेपलीकडे गेली की रिपीट विरण्याऐवजी वाढत जातात आणि स्पीकर किंचाळायला लागतो. अंधारात बुटाचा नुसता धक्काही पुरतो. नॉबवर पांढऱ्या मार्करची खूण करा आणि शोच्या आधी ती जागेवर आहे ना, ते बघा.

सभागृहही डिले देतं

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मागची भिंत स्टेजपासून २५ मीटरवर असेल तर तिच्यावरून परतणारा आवाज तुम्हाला सुमारे १४६ मिलिसेकंदांनी ऐकू येतो. त्यात तुमचा १३० चा स्लॅपबॅक (एकच झटपट रिपीट) चालू असेल तर दोन्हींचा चिखल होतो. अशा ठिकाणी मिक्स (मूळ सुरातलं रिपीटचं प्रमाण) आणि फीडबॅक कमी करावा लागतो, तोही दोन गाण्यांच्या मधल्या क्षणात. या दोन नॉब मेनूत दडलेल्या नसून वरच हाताशी असाव्यात. उघड्या मैदानावर याच सेटिंगचा डिले कोरडा वाटेल, तेव्हा थोडा वाढवा. साउंड चेकला साउंडवाल्यालाही सांगून ठेवा की गिटारला डिले माझ्याकडून येतोय, तुमच्याकडून रिव्हर्ब (घुमारा) बेतानेच द्या.

स्टिरिओसाठी जास्त पैसे घालू नका. पिंग-पाँग (रिपीट आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला टाकणाऱ्या) डिलेच्या दोन्ही आउटपुटना केबल लावल्या आणि मिक्सरने एकच लाइन घेतली, तर एकाआड एक रिपीट गायब होतो. लाइन एकच मिळणार असेल तर दुसरी केबल काढून मोनोवर वाजवा.

चुकीच्या जागी जोडणं

डिस्टॉर्शन आधी, डिले नंतर. उलटं केलं तर विरत जाणारे रिपीटही डिस्टॉर्शनमध्ये दाबले जाऊन मूळ सुराइतकेच मोठे होतात आणि सगळं गढूळ होतं. गेन (डिस्टॉर्शन) अँपमधून घेत असाल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे अँपमधल्या गेननंतर पेडल जोडायच्या जागी, हवा. भाड्याच्या अँपला लूप असेलच असं नाही, म्हणून गेन पेडलवरूनच घेण्याची सवय शोवाल्यांना सोयीची पडते.

वीज

कार्बन कॉपीला २६ मिलीअँपिअर पुरतात, स्ट्रायमन टाइमलाइनला ३०० लागतात. एका अडॅप्टरवर साखळी करून सगळी पेडल लावली की डिजिटल डिलेची बारीक शीळ गिटारमध्ये उतरते; वेगळं, आयसोलेटेड आउटपुट दिलं की ती जाते. सेकंडहँड घेताना अडॅप्टर मागून घ्या: जुना लाइन ६ डीएल४ नऊ व्होल्ट एसीवर चालतो, नेहमीच्या डीसी अडॅप्टरवर नाही.

शीळ नसून जाड घूं असा आवाज येत असेल तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंगच्या एकाहून जास्त रस्त्यांमुळे येणारा हम. अँप आणि पेडलबोर्ड एकाच एक्स्टेन्शनवर घ्या, डीआय बॉक्सचा (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या पेटीचा) ग्राउंड लिफ्ट दाबून बघा. पण अर्थिंगची पिन काढून हम घालवण्याचा जो उपाय मंडपात सर्रास होतो, तो कधीही करू नका. अँपमध्ये बिघाड झाला तर तारांवर हात आणि माईकला ओठ लागताच शॉक बसू शकतो, आणि असा शॉक जीवघेणा ठरू शकतो.

दुकानात जाताना स्वतःचं ओव्हरड्राइव्ह पेडल, स्वतःचा अडॅप्टर आणि शोला घालता ते बूट घेऊन जा. उभं राहून वाजवा. वाजवता वाजवता टॅप द्या, शेजारच्या स्विचवर पाय पडतो का बघा, सूर लांबवून पेडल बंद करा. शक्य असेल तर दुकानदाराला मागे एखादा ड्रम लूप मोठ्याने लावायला सांगा आणि मिक्सची नॉब त्याच आवाजात ठरवा.