कागलला लॉटरीचं तिकीट घेताना पेमेंट अडकतं? माझा अनुभव

कर्नाटकात 2007 पासून लॉटरी बंद, त्यामुळे आम्ही निपाणीकर तिकिटासाठी सीमेपलीकडचं महाराष्ट्रातलं कागल गाठतो. यूपीआयचा पिन टाकला की नुसतं चक्र फिरायचं, मग ‘बँकेचा सर्व्हर प्रतिसाद देत नाही’. मागची रांग वैतागायची ती वेगळीच. फोन बंद-चालू केला, ॲप बदललं, काही उपयोग नाही.

शेवटी यूपीआय लाइटनं (यूपीआय ॲपमधलंच छोट्या रकमांचं पाकीट) काम झालं. घरीच ॲपमध्ये लाइट सुरू करा, खातं निवडा, रक्कम भरा (कमाल 5000), एकदाच पिन. टपरीवर क्यूआर स्कॅन करून रक्कम टाका, खात्याऐवजी लाइट निवडा. 1000 पर्यंत पिन लागत नाही, त्या क्षणी बँकेच्या सर्व्हरवर अडत नाही. रेंज मात्र हवीच. टपरीवाल्याचा स्पीकर बोलला की तिकीट घ्या. फोन बदलण्याआधी लाइटमधली शिल्लक खात्यात परत वळवा.